परदेशी खरेदीची उलटी पट्टी

साताऱ्याहून रोज कंपनीच्या बसनं शिरवळला जाते. जाताना बोगदा, येताना खंबाटकीचा घाट. खरेदी खात्यात सोळा वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ परदेशी खरेदीची मॅनेजर म्हणून. दर वर्षी खात्यात कुणीतरी नवीन येतं आणि पहिल्याच आठवड्यात विचारतं, ‘मॅडम, चीनचा भाव एवढा कमी, मग आपण इथल्या फाउंड्रीकडून का घेतो?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर कागदावर मांडायला शिकलात की या कामाचा मोठा भाग आला.

माझं माहेर सांगलीचं. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. शेतकरी सौद्यातला भाव ऐकून खूश व्हायचा, पण बाबा म्हणायचे, थांबा, पट्टी होऊ द्या. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली, तोलाई वजा होऊन उरायचा तो खरा आकडा. आयातीत हीच पट्टी उलटी चालते. वजा काही होत नाही, वर चढतच जातं.

समजा चीनमधल्या निंगबोचा वेंडर व्हॉल्व्ह बॉडी (व्हॉल्व्हचा ओतीव सांगाडा) ८ डॉलरला देतोय, एफओबी, म्हणजे त्यांच्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा, पुढचा आपला. हजार नगांचे ८,००० डॉलर. जहाजभाडं आणि विमा ६०० डॉलर धरा. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर झाले ७,३१,००० रुपये. त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरू, म्हणजे ५४,८२५. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, साधारण ५,४८२. बंदरावरचे चार्जेस, क्लिअरिंग एजंट आणि न्हावा शेवा ते शिरवळ गाडी मिळून ४५,०००. बेरीज ८,३६,३०० च्या घरात. कोटेशनवर ६८० रुपयांचा दिसणारा नग दारात ८३६ ला पडला. कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा फाउंड्रीवाला ८०० म्हणत असेल तर त्याला फोन करा, चहाला बोलवा.

आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, मी मुद्दाम धरला नाही, कारण त्याचं क्रेडिट मिळतं, पुढच्या जीएसटीतून तो वळता होतो. पण पैसे आधी भरावे लागतात. हे फायनान्सला जहाज सुटतानाच सांगून ठेवा, नाहीतर माल बंदरात आणि फाइल साहेबांच्या टेबलावर, असं होतं. शुल्काचा दर एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या आकड्यावर, ठरतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. वेंडरनं इन्व्हॉइसवर लिहिलेला कोड डोळे झाकून उचलू नका. ऑर्डर देण्याआधी ड्रॉइंग एजंटला पाठवून कोड ठरवून घ्या.

भावापुढची तीन अक्षरं (वरचं एफओबी त्यातलंच) भावाइतकीच महत्त्वाची. कुठला खर्च आणि जोखीम कुणाची हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत, इन्कोटर्म्स २०२० मध्ये, अशा एकूण अकरा अटी आहेत. रोजच्या कामात चार-पाच लागतात. एक्स-वर्क्सचा, म्हणजे वेंडरच्या कारखान्याच्या दारातला, भाव सगळ्यात कमी दिसतो, पण मग त्यांच्या देशातलं निर्यातीचं क्लिअरिंगही आपल्या गळ्यात. सीआयएफमध्ये, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून दिलेल्या भावात, फॉरवर्डर (माल जहाजानं पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) वेंडरचा असतो. तो जहाजभाडं नावाला लावतो आणि इकडे उतरवताना बिलात वसूल करतो. मी शक्यतो एफओबी घेते आणि फॉरवर्डर आपला लावते. कंटेनरच्या मालासाठी नियमानं एफसीए (माल ठरलेल्या जागी आपल्या वाहतूकदाराच्या ताब्यात देणं) जास्त बरोबर, पण बाजारात सगळ्यांच्या तोंडी एफओबीच बसलंय. काही लिहिलंत तरी पुढे बंदराचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ हे शब्द पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, हवेतच.

आता कागद. माल चांगला असून लाइन बंद पडते ती बहुतेक वेळा कागदामुळे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), ओरिजिन सर्टिफिकेट (माल कुठल्या देशाचा याचा दाखला). चारहींचा मसुदा जहाज सुटायच्या आधी मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा: नाव, पत्ता, नगांची संख्या, वजन. कोरिया किंवा जपानबरोबरच्या कराराची शुल्कसवलत घ्यायची असेल तर ओरिजिन सर्टिफिकेट पुरत नाही. २०२० पासून माल खरंच तिथे बनला याची माहिती आयात करणाऱ्यानं स्वतःजवळ ठेवावी लागते. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं विवरण, जहाज लागण्याआधी भरून टाका. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये दंड.

माझी फजिती झाली ती मात्र कागदात नाही, लाकडात. एका वेंडरनं माल साध्या लाकडी पॅलेटवर पाठवला. परदेशातून येणाऱ्या लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ असा शिक्का लागतो. लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीडमुक्त केल्याची ती खूण. आमच्या पॅलेटवर नव्हता. कंटेनर अडकला, शिपिंग लाइनचे फुकटचे दिवस संपले, डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर परत द्यायला उशीर झाल्याच्या आकाराचं, मीटर डॉलरमध्ये पळायला लागलं आणि प्लांट हेड दिवसातून तीनदा माझ्या टेबलाशी. चूक वेंडरची असली तरी पीओवर ती अट मी लिहिली नव्हती. तेव्हापासून कंटेनर बंद करण्याआधी शिक्क्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय मी होकार देत नाही.

पैशांचं थोडक्यात. नव्या वेंडरला एलसी (बँकेची पैसे देण्याची हमी) द्या, पण एक लक्षात ठेवा: बँक कागद तपासते, माल नाही. पेट्यांत विटा भरल्या आणि कागद नीट असले तरी बँक पैसे देणार. म्हणून माल निघण्याआधीच्या तपासणीचा रिपोर्ट एलसीच्या कागदांत घाला. आणि ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला तर उत्तर देऊ नका. आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करून माणसाशी बोला.

वेळेचा हिशेब पंचांग समोर ठेवून करावा. फक्त आपलं नव्हे, त्यांचंही. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कधीतरी येतं आणि कामगार गावी जातात. आपल्याकडे गावच्या यात्रेला शॉप रिकामं पडतं तसंच, फक्त परतायला जास्त दिवस. ऑगस्टमध्ये इटलीला मेल करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. जपानी माणूस ‘विचार करून सांगतो’ म्हणाला की मी दुसरा वेंडर शोधायला घेते. आणि समुद्राचा भरवसा नाही. मार्च २०२१ मध्ये एक जहाज आडवं झालं आणि सुएझ सहा दिवस बंद. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, म्हणजे दहा-बारा दिवस वर.

म्हणून साठा ठेवायचा, पण कुठे? सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीखालची. वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. बाबांना ते फार लागलं होतं. तरी मी तीच चूक केली. परदेशातून आलेलं फोर्जिंग (ठोकून घडवलेले भाग) सगळं सांगलीजवळच्या कुपवाडच्या एकाच मशिनिंगवाल्याकडे ठेवलं होतं आणि ऑगस्ट २०१९ चा पूर आला. माल कोरडा होता, रस्ते पाण्यात होते. आता अर्धा साठा शिरवळच्या स्टोअरमध्ये असतो. भाड्यावरून ऑडिटवाले दर वर्षी कुरकुरतात, त्यांना करू द्या.

सुरुवात करायची असेल तर उद्या मागच्या वर्षीची एक आयातीची पीओ काढा आणि तिची उलटी पट्टी मांडा: क्लिअरिंगचं बिल, शुल्काचं चलन, गाडीभाडं, डिटेन्शन भरलं असेल तर तेही. कागद तीन खात्यांत विखुरलेले असतील. अकाउंट्सवाले आधी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतील. कंदी पेढे घेऊन जा, दुपारपर्यंत मिळतात.