परदेशी प्राणी घरी आणताय? या चुका टाळा

कोथरूडला माझा दवाखाना आहे. रविवारी सकाळी तिथे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर), इग्वाना (मोठा सरडा), सुल्काटा (आफ्रिकेतली मोठी) कासवं घेऊन लोक येतात. आजार वेगवेगळे असतात, पण खोदून विचारलं की मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: नवा प्राणी आल्या दिवशीच जुन्यांच्या शेजारी ठेवलेला असतो. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगतोय, आणि तरी दर महिन्याला कुणीतरी तेच करून येतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

"दिसायला ठणठणीत आहे, मग वेगळा कशाला ठेवायचा?"

वाकडला एक मुलगा राहतो, आयटीत आहे. घरी दोन बॉल पायथन आणि एक सुल्काटा कासव, तिघांची रीतसर नोंदणी केलेली. मुलगा मनापासून प्राणी सांभाळणारा. त्याने तिसरा पायथन घेतला. कागद चोख होते, साप चकचकीत होता. त्याने ती पेटी जुन्या पेट्यांना चिकटून ठेवली आणि तिन्ही पेट्यांत एकच चिमटा वापरला. बाराव्या दिवशी मला फोन आला: "सर, जुना साप दोन दिवस पाण्याच्या भांड्यातच बसून आहे."

साप असा भांड्यात बसून राहिला की मी आधी पाणी बघतो. भांड्याच्या तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके होते. ओला पांढरा टिश्यू सापाच्या हनुवटीखालून फिरवला, तर त्यावर तेच ठिपके, आणि ते चालत होते. सापांवरचे माइट्स, म्हणजे गोचिडांच्या जातकुळीतले बारीक जीव. हे डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीच्या खवल्यांखाली दडतात, रक्त पितात आणि अंडी पेटीच्या फटींत घालतात. म्हणून नुसता साप धुऊन भागत नाही, अख्खी खोली साफ करावी लागते.

इथवरचं निस्तरता आलं असतं. पण मला फोन करण्याआधी त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध आणलं होतं, आणि "खबरदारी म्हणून" कासवालाही टोचलं होतं. आयव्हरमेक्टिन कासवांना विषासारखं आहे. ते त्यांच्या मज्जासंस्थेत शिरतं आणि स्नायू लुळे पडतात. मी पोचलो तेव्हा कासवाची मान कवचाबाहेर लोंबत होती, पाय उचलला तर तसाच खाली पडत होता. या विषावर उतारा नाही. ऊब द्यायची, सलाईन द्यायचं आणि वाट बघायची, एवढंच हातात असतं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. साप बरे व्हायला दोन महिने लागले.

दुकानदार, मित्र, व्हिडिओतला माणूस, कुणीही सांगितलं तरी एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला देऊ नका. कुत्र्यावर गोचिडांसाठी मारतात तो फिप्रोनिलचा फवारा सशाचा जीव घेऊ शकतो. "थोडंसंच दिलं" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

नवे-जुने प्राणी जवळ ठेवणं ही फक्त छंदवाल्यांची चूक आहे असंही नाही. एप्रिल २००३ मध्ये घानाहून सुमारे ८०० छोटे सस्तन प्राणी टेक्सासला उतरले. त्यातले आफ्रिकन मोठे उंदीर एका विक्रेत्याकडे प्रेअरी डॉग्जजवळ (हे कुत्रे नव्हेत, खारीच्या कुळातले प्राणी) ठेवले गेले. प्रेअरी डॉग्जना मंकीपॉक्स झाला, ते घरोघरी विकले गेले आणि अमेरिकेच्या सहा राज्यांत ४७ माणसांपर्यंत आजार पोचला. नवे आणि जुने वेगळे ठेवले असते तर ही साखळी तिथेच तुटली असती.

माझी स्वतःची पद्धत अशी. सरपटणारा नवा प्राणी ९० दिवस वेगळ्या खोलीत. पेटीत नारळाचा भुसा नको, पांढरा किचन टिश्यू अंथरायचा, म्हणजे विष्ठा, रक्त, माइट्स लगेच दिसतात. चिमटा, भांडं, फडकं त्याचं त्याला. रोज आधी जुन्यांचं सगळं आटपायचं, नव्याकडे सगळ्यांत शेवटी जायचं, आणि एकदा नव्याला हात लावला की त्या दिवशी जुन्यांकडे परत फिरकायचं नाही. दर रविवारी स्वयंपाकघरात असतो तसल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. पण काटा वेगळा घ्या, कणीक मोजायचा नको. तीन महिन्यांत तीनदा विष्ठेची तपासणी. मध्येच आणखी एक प्राणी आणून त्याच खोलीत ठेवलात, तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. यावर लोक सगळ्यांत जास्त वाद घालतात, पण मी त्यात एक दिवसही कमी करत नाही.

ड्राय बाल्कनी म्हणजे क्वारंटाईनची खोली नव्हे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो. बॉल पायथनला पेटीच्या उबदार बाजूला ३१-३२ अंश लागतात. गारठ्यात त्याची छाती भरते, आणि मग आजार बाहेरून आला की आपण दिला हेही कळत नाही.

"बिल आहे ना सर"

बिल म्हणजे परवाना नव्हे. हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण यात प्राणीही जातो आणि माणूसही अडकतो.

परदेशातून जिवंत प्राणी आणायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना हरकत पत्र लागतं (त्यांचं कार्यालय नागपूरला आहे), डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात परवाना लागतो, प्राणी साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असेल तर त्या देशाचा साइट्स परवाना लागतो, तिथल्या सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला लागतो, आणि केंद्राच्या अ‍ॅनिमल क्वारंटाईन स्टेशनची परवानगी लागते. आपल्यासाठी ते स्टेशन मुंबईचं. पुणे विमानतळावर हे होत नाही, त्यामुळे थेट पुण्याचं तिकीट काढून बसू नका. आणि हे सगळे कागद प्राणी विमानात चढण्याआधी हातात हवेत. परदेशातून कायमचं परतणारे लोक कुत्रा-मांजर बॅगेजच्या नियमांत आणतात, म्हणून इग्वानाही तसाच आणता येईल असं समजू नका.

सगळ्या कागदांवर शास्त्रीय नाव आणि संख्या एकच हवी. फ्लाइट पुढे गेली तर आरोग्य दाखल्याची तारीख चालते का ते त्याच दिवशी विचारा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची फ्लाइट आठवडाभर पुढे गेली, दाखल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, आणि सगळी धावपळ नव्याने करावी लागली.

देशात विकत घेतलेल्या प्राण्यालाही नियम आहेत. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतले प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवायचा. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवायचं. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, मार्मोसेट (चिमुकलं माकड) हे सगळे यात येतात. विकणारा "नोंदणी नंतर बघू" म्हणाला तर तिथून उठा.

स्टार कासव परदेशी नाही, आपलंच आहे. ते घरी ठेवणं गुन्हा आहे. नोंदणीने तो मिटत नाही.

आणखी थोडं, पटकन. कासवाच्या पायांच्या बेचक्यात आणि मानेच्या घड्यांत गोचीड शोधा. अमेरिकेने २०००मध्ये लेपर्ड आणि सुल्काटा कासवांची आयात गोचिडांमुळेच थांबवली होती, कारण त्यांच्यातून गुरांना मारणारा हार्टवॉटर पसरण्याची भीती होती. आणि गोचिडांतून माणसांना होणारा क्यासनूरचा ताप १९५७मध्ये आपल्याच पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, शोधून काढला. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि घेऊन या.

सरपटणाऱ्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हातात कासव देऊच नका.

नव्या सापाला पहिले पाच-सात दिवस खायला घालू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढण्यासाठी बाहेरही काढू नका.

दाखवायला येताना त्याच दिवशीची विष्ठा छोट्या डबीत आणा, कागदांचे फोटो आणा, वजनाची वही आणा. आणि प्राणी क्वारंटाईनमधला असेल तर आधी फोन करा. त्याला मी संध्याकाळची शेवटची वेळ देतो, बाकीचे सगळे गेल्यावरची.