युद्धातल्या छावणीत कॉलऱ्याचा तंबू कसा चालवायचा

मदतकार्यावर पहिल्यांदाच निघालेल्या नर्स आणि तरुण डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. मी नांदेडची, पेशाने नर्स. दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावण्यांत मी काम केलं. तिथलं यादवी युद्ध डिसेंबर २०१३ मध्ये पेटलं. माणसं गावं सोडून छावणीत आली, गोळ्यांपासून वाचली आणि घाण पाण्याने त्यांना गाठलं. २०१६-१७ च्या साथीत देशभरात २० हजारांवर लोक आजारी पडले, चारशेवर दगावले. कॉलऱ्यात माणूस जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार संपल्याने. ते वेळेवर भरून काढलं तर शंभरात एकही जाऊ नये, हेच ध्येय धरून कामाला लागा.

सामानाची मागणी पावसाआधी करा. इथली माती आपल्या मराठवाड्यासारखी काळी, चिकट. एकदा पाऊस लागला की रस्ते बुडतात, कच्च्या धावपट्टीवर विमान उतरत नाही. एक लिटर सलाईनची पिशवी किलोभराची. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं. छोट्या विमानात किलो-किलोचा हिशेब होतो. म्हणून रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचं सलाईन, खरोखर लागेल त्याच्यासाठी राखायचं आणि बाकी सगळ्यांना तोंडानेच पाणी द्यायचं. याला दुय्यम उपचार समजू नका. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले तेव्हा सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेलं पाणी पिंपांतून वाटलं, नातेवाइकांच्या हातून पाजवलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले.

तंबू सपाट पण पाण्याचा निचरा होईल अशा जागी, विहिरी-हातपंपांपासून लांब. भोवती कुंपण, आत यायची वाट एक, बाहेर जायची दुसरी. रुग्णामागे दिवसाला ६० लिटर पाणी धरा. खाटेच्या मधोमध भोक, खाली लिटरच्या खुणा केलेली बादली, उलटीसाठी वेगळी बादली. किती गेलं ते बादली सांगते, तेवढं परत द्यायचं.

क्लोरीनच्या पाण्यात गोंधळ चालत नाही. ६५ ते ७० टक्क्यांची पावडर असेल तर दहा लिटरला साडेसात ग्रॅम हात धुवायला, ३० ग्रॅम फरशी आणि खाटांना, ३०० ग्रॅम जुलाब-उलटीच्या बादल्यांना. पिंपं प्लास्टिकची घ्या आणि तीन रंगांनी रंगवा. रात्रपाळीला आलेल्या माणसाला चिठ्ठी वाचता येईलच असं नाही, रंग मात्र दिसतो.

दारात बसणाऱ्याने प्रत्येकाला तीन गोष्टींनी पारखायचं. डोळे खोल गेलेत का? पोटावरची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसते का? पाणी पिता येतंय का? ग्लानीत असलेला, मनगटाची नाडी न लागणारा रुग्ण थेट सलाईनवर: वर्षावरील रुग्णाला किलोमागे ३० मिली अर्ध्या तासात, मग ७० मिली अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला तेच एक तास आणि पाच तास. शुद्धीवर आला की लगेच तोंडाने. कुपोषित मुलांत चिमटीवर विसंबू नका. अंगावर मांसच नसलं की कातडी तशीही सैल असते. त्यांना पाणी सावकाश द्यायचं आणि पुन्हा पुन्हा बघायचं. अँटिबायोटिकने जुलाब लवकर आवरतात, पण आधी पाणी.

आता ओआरएसचा कोपरा. तुमची सगळ्यात शहाणी, सगळ्यात धीराची माणसं इथे बसवा. ज्याचं पाणी कमी झालंय पण शुद्ध आहे, त्याला किलोमागे ७५ मिली, चार तासांत. दहा किलोच्या मुलाला ७५० मिली, म्हणजे १५० मिलीचे पाच कप. आईच्या शेजारी जमिनीवर बसा. तिच्या उजवीकडे पाच खडे ठेवा. एक कप संपला की एक खडा डावीकडे. मिनिटा-दीड मिनिटाला एक चमचा. मूल ओकतं, आई घाबरते, कप खाली ठेवते. नेमकं याच वेळी तुम्ही तिथे हवं. दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा, आधीपेक्षा हळू. तीन खडे डावीकडे गेले की मूल स्वतःच कप ओढायला लागतं, आणि ते बघून शेजारच्या खाटेवरची आईसुद्धा नेटाने पाजायला लागते. अंगावरचं दूध बंद करू नका. कालवलेलं ओआरएस २४ तासांनंतर ओतून द्या.

युद्धामुळे येणाऱ्या अडचणी पुस्तकात कमी सापडतात. गोळीबाराच्या रात्री आजारी माणूस तंबूपर्यंत येऊच शकत नाही. म्हणून छावणीच्या प्रत्येक भागात, चालत पाच मिनिटांवर, एखाद्या बाईच्या झोपडीबाहेर ओआरएस, स्वच्छ पाणी आणि कप ठेवा. तिला पाजायला आणि नाडी बघायला शिकवा. तंबूत बंदूक आणायची नाही, कोणीही असो. दारावर बंदुकीचं चित्र काढून त्यावर फुली मारा. रुग्ण कोणत्या जमातीचा, दिंका, नुएर की शिलुक, हे कोणी विचारायचं नाही. नोंदवहीत तो रकानाच ठेवू नका. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

घरी सोडताना आधीच्या सहा तासांची लघवी आणि जुलाब बघा. मुलांना झिंक द्या: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलीग्रॅम, लहानांना १०, दहा ते चौदा दिवस. सोबत ओआरएसची पाकिटं, साबण, क्लोरीनच्या गोळ्या. पाकीट आईच्या हाताने एकदा तिथेच कालवून घ्या. मगच सोडा.