व्हर्च्युअलबॉक्सवर डीएचसीपी-डीएनएसची सराव लॅब

डीएचसीपी नेटवर्कवरच्या पीसींना आपोआप पत्ते वाटतं, डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतं. दोन्हींच्या सरावाला आठ जीबी रॅमचा एक पीसी पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स त्यातच व्हीएम, म्हणजे आभासी पीसी, चालवतं. उबुंटू सर्व्हरच्या तीन व्हीएम करा: सर्व्हरला दोन जीबी, दोन क्लायंटना एकेक. नावं आपल्या कोकणातल्या बंदरांची ठेवा, जयगड, हर्णै, देवगड. लॉग वाचताना कोण कुठलं ते लगेच कळतं. डोमेन 'लॅब.टेस्ट' घ्या, कारण '.टेस्ट' चाचणीसाठीच राखून ठेवलेलं आहे.

पहिलं काम नेटवर्क वेगळं करण्याचं. डीएचसीपी क्लायंट अख्ख्या नेटवर्कला हाक मारतो आणि बहुधा जो आधी ओ देईल त्याचा पत्ता घेतो. व्हीएम 'ब्रिज्ड' (थेट खऱ्या नेटवर्कला जोडलेली) राहिली तर कॉलेजच्या ऑफिसातले पीसीही तुमच्या सर्व्हरकडून पत्ते घेतील, त्यांचं इंटरनेट बंद पडेल आणि शोध मात्र राउटरमध्ये चालू राहील. म्हणून सर्व्हरला पहिलं अ‍ॅडॅप्टर 'नॅट' (इंटरनेटसाठी), दुसरं 'इंटरनल नेटवर्क' (फक्त व्हीएममधलं). क्लायंटना पॅकेजेस टाकून झाल्यावर फक्त इंटरनल. तिन्हीकडे या नेटवर्कचं नाव अक्षरशः एकच हवं.

सर्व्हरच्या दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरला नेटप्लॅन या उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमधून १९२.१६८.६०.१/२४ हा कायमचा पत्ता द्या आणि डीएनएसमास्क टाका, डीएचसीपी आणि डीएनएस दोन्ही तोच प्रोग्राम सांभाळतो. टाकताक्षणीच ते 'पत्ता आधीच वापरात आहे' म्हणून पडेल, कारण डीएनएसचं पोर्ट ५३ उबुंटूच्याच नाव शोधणाऱ्या सेवेने, सिस्टमडी-रिझॉल्व्हडने, धरलेलं असतं. रिझॉल्व्हड बंद करू नका, सर्व्हरचंच नाव शोधणं अडकतं. कॉन्फिगमध्ये 'इंटरफेस'पुढे दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरचं नाव द्या आणि 'बाइंड-डायनॅमिक' लिहा. 'बाइंड-इंटरफेसेस'नेही भागतं, पण वीज जाऊन आल्यावर अ‍ॅडॅप्टर उठायच्या आत सेवा सुरू झाली तर ती पडते, आणि कोकणात जूनपासून हे रोजचंच. वाटायच्या पत्त्यांची रेंज (शेवटचा आकडा) ५० ते १५०, लीज म्हणजे पत्त्याची मुदत एक तास. सेवा सुरू करण्याआधी 'टेस्ट' पर्याय देऊन कॉन्फिग तपासा.

आता सगळ्यात चकवणारी गोष्ट. एकाच व्हीएमवरून क्लोन केलेल्या (हुबेहूब नक्कल काढलेल्या) दोन्ही क्लायंटना एकच पत्ता मिळतो. क्लोन करताना मॅक (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नवा घेतला तरीही! उबुंटू सर्व्हर आपली ओळख मशीन-आयडीवरून सांगतो आणि तो क्लोनमध्ये जसाच्या तसा येतो. क्लोनमधली ईटीसीखालची मशीन-आयडी फाइल रिकामी करा (पुसू नका) आणि रीबूट करा.

सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावून डीएचसीपीची पोर्ट ६७ आणि ६८ पाहा. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक असे चार निरोप दिसायला हवेत. नुसतेच डिस्कव्हर येत राहिले तर सेवा बंद आहे किंवा फायरवॉल अडवतेय. काहीच दिसलं नाही तर इंटरनल नेटवर्कच्या नावात फरक आहे.

सगळं चाललं की व्हीएम बंद करून स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीची जतन केलेली प्रत, घ्या. पुढे खरा स्विच जोडलात तर रिकाम्या पोर्टांना टोप्या लावा, खाऱ्या हवेने आतले संपर्क हिरवे पडतात. विजा कडाडू लागल्या की प्लगसोबत लॅनची केबलही काढा.