‘कशावरून?’ : अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधला इंग्रजीचा तास

माझी मुलगी सहावीच्या मध्यावर अमेरिकेतल्या शाळेत दाखल झाली. भारतात ती पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होती आणि इंग्रजीत कायम नव्वदच्या वर गुण मिळवायची. त्यामुळे इथला इतिहास आणि गणितातले फूट-इंच सोडले तर तिला काही जड जाईल असं मला वाटलं नव्हतं. पहिला निबंध परत आला तो ४ पैकी २ गुण घेऊन. व्याकरणाची एकही चूक नव्हती, अक्षर सुरेख होतं. समासात बाईंनी तीन ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता. तो मराठीत एका शब्दात सांगता येतो: कशावरून?

त्या रात्री ती खूप रडली, आणि मला तिला काय समजावायचं तेच कळेना. पुढे मी स्वतः दुसऱ्या एका मिडल स्कूलमध्ये इंग्रजीच्या वर्गात साहाय्यक म्हणून काम करू लागले. आता पाचवं वर्ष चालू आहे. दरवर्षी भारतातून नुकतीच आलेली दोन-तीन मुलं आमच्या वर्गात येतात आणि बहुतेक सगळी त्याच एका प्रश्नाशी अडखळतात. त्यांच्या आईवडिलांना मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

मिडल स्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी. काही स्कूल डिस्ट्रिक्टांत, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागांत, ते पाचवीपासून किंवा सातवीपासून सुरू होतं. वेळापत्रकात विषयाचं नाव ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’, म्हणजेच ईएलए, असं दिसेल. आपल्याकडे पाठ्यपुस्तक, त्यातला धडा, धड्याखालचा स्वाध्याय आणि परीक्षेत त्याच धड्यावरचे प्रश्न अशी साखळी असते. ती इथे शोधू नका. काही शाळांत जाडजूड संग्रह देतात, काही शाळांत वर्गात सगळे मिळून एखादी कादंबरी वाचतात, शिवाय कथा, कविता, बातम्या, भाषणं असं सुटंसुटं बरंच असतं. परीक्षेला मात्र मुलाने कधीही न पाहिलेला उतारा येऊ शकतो. धडा पाठ असणं इथे कामाला येत नाही. तपासलं जातं ते हे, की समोर ठेवलेला मजकूर तो स्वतःच्या बळावर वाचू शकतो का.

काय अपेक्षित आहे ते गुपित नसतं. २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ नावाची इयत्तावार उद्दिष्टं प्रसिद्ध झाली आणि बऱ्याच राज्यांनी ती तशीच किंवा थोड्या फरकाने घेतली. टेक्सास आणि व्हर्जिनियाने ती घेतली नाहीत, त्यांची स्वतःची आहेत. तुमच्या राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ती मिळतील, आणि ती वाचायला खरंच एक संध्याकाळ काढा. कॉमन कोअरमध्ये पुराव्याची पायरी कशी चढत जाते ते मला फार आवडतं. सहावीत म्हणणं मांडताना मजकुरातला आधार द्यायचा. सातवीत एका मुद्द्यासाठी अनेक आधार द्यायचे. आठवीत त्यांतला सर्वांत भक्कम आधार कोणता ते ओळखून तो वापरायचा. तीन वर्षं मूल ‘कशावरून?’ याच प्रश्नाचं उत्तर अधिकाधिक नेमकं द्यायला शिकत असतं.

एक उदाहरण देते. समजा, गोष्टीत एका मुलाचा मोठा भाऊ घर सोडून गेला आहे. मुलगा रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन ताटल्या मांडतो, आणि आई न बोलता एक उचलून ठेवते. प्रश्न असा की मुलाच्या मनात काय चाललं आहे? आपल्याकडून आलेलं मूल बहुधा असं लिहितं: ‘मुलगा दुःखी आहे. त्याचा भाऊ गेला. तो दोन ताटल्या मांडतो. आई एक उचलते. त्याला भावाची खूप आठवण येते.’ यात चूक काही नाही, पण गोष्टच पुन्हा सांगितली आहे. बाईंना हवं असतं ते साधारण असं: ‘भाऊ परत येणार नाही हे मुलाने अजून स्वीकारलेलं नाही. तो “रोज” दोन ताटल्या मांडतो असं लेखक म्हणतो. एकदाच मांडल्या असत्या तर ती सवयीची चूक ठरली असती, पण आईने उचलल्यावरही दुसऱ्या दिवशी तो तेच करतो, म्हणजे तो वाट पाहतो आहे.’ आधी स्वतःचं म्हणणं, मग मजकुरातला आधार, आणि शेवटी त्या आधारातून ते म्हणणं कसं निघतं याचा खुलासा. वर्गात याला क्लेम, एव्हिडन्स, रीझनिंग म्हणतात. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना पहिल्या दोन गोष्टी ऑक्टोबरपर्यंत जमतात. तिसरीसाठी वर्ष जातं. अवतरण दिलं की काम झालं असं त्यांना वाटतं, आणि ‘रोज’ या एका शब्दापाशी थांबण्याचा धीर त्यांच्यात नसतो. तो धीर हळूहळू येतो. गुण लगेच वाढले नाहीत म्हणून मुलाला घाईवर आणू नका.

याच जातीची दुसरी अडचण ‘थीम’ची. ‘या गोष्टीची थीम काय?’ याला ‘मैत्री’ हे उत्तर चालत नाही, तो झाला विषय. मैत्रीबद्दल ही गोष्ट काय म्हणते ते पूर्ण वाक्यात सांगावं लागतं. आणि ते वाक्य तात्पर्यासारखं उपदेशाचं नसावं. ‘नेहमी खरे बोलावे’ असं लिहिणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. लहानपणापासून गोष्टीखालचं तात्पर्य वाचत आल्याने त्यांना दोन्ही एकच वाटतं. हा फरक घरी बोलून समजावता येतो आणि मराठीतल्या कुठल्याही गोष्टीवर समजावता येतो.

लेखनाचे तीन मुख्य प्रकार असतात: मत पटवून देणारं, माहिती समजावून सांगणारं आणि कथन. पहिल्याला सर्वांत जास्त वजन असतं असा माझा अनुभव आहे. सहावीत आपलं मत आणि त्याची कारणं पुरतात. सातवीत विरुद्ध बाजूची दखल घ्यावी लागते, आणि आठवीत ती बाजू आपल्यापेक्षा नेमकी कुठे वेगळी आहे तेही दाखवावं लागतं. निबंध एका बैठकीत लिहून संपत नाही. आराखडा, कच्चा खर्डा, वर्गमित्राने वाचून दिलेला अभिप्राय, दुरुस्ती आणि मग अंतिम प्रत, असे दोन-तीन आठवडे जातात. मधल्या टप्प्यांनाही गुण असतात. माझ्या मुलीला कच्चा खर्डा दुसऱ्याला दाखवायची लाज वाटायची, म्हणून तिने तो दिलाच नाही आणि तेवढ्याचं शून्य घेतलं. कच्च्या कामाला इथे कमीपणा नाही, हे मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा.

टंकलेखनाचा विचार मी केलाच नव्हता. कॉमन कोअरमध्ये सहावीच्या मुलाने एका बैठकीत किमान ३ पानं टाइप करावीत अशी अपेक्षा आहे. माझी मुलगी दोन बोटांनी अक्षरं शोधत बसायची, वेळ संपायचा आणि डोक्यातलं डोक्यातच राहायचं. येण्याआधी दोन महिने मिळत असतील तर व्याकरणाच्या शिकवणीपेक्षा दहा बोटांनी टाइप करायला शिकवा.

व्याकरणाचं स्वतंत्र पुस्तक बहुधा मिळणार नाही. सहावीत सर्वनामांचा अचूक वापर, सातवीत उपवाक्यं आणि चुकीच्या जागी पडलेले शब्दसमूह, आठवीत कर्तरी-कर्मणी प्रयोग आणि क्रियापदाचे आज्ञार्थ, संकेतार्थ यांसारखे प्रकार असं थोडं थोडं लेखनाच्या ओघात येतं. यात आपली मुलं पुढेच असतात. स्पेलिंग अमेरिकन लागतं आणि स्वल्पविराम-पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत येतो. हे महिनाभरात अंगवळणी पडतं. ग्रीक आणि लॅटिन मूळशब्दांवरून अनोळखी शब्दाचा अर्थ लावायला मात्र मुद्दाम शिकवतात. संस्कृत उपसर्ग माहीत असलेल्या मुलाला यात फार गोडी लागते. प्र, वि, अनु यांनी अर्थ कसा बदलतो ते एकदा दाखवा.

आता नाजूक भाग. सातवीत मुलीने मधमाश्यांवरच्या अहवालात एका संकेतस्थळावरची दोन वाक्यं जशीच्या तशी घातली. आधीच्या शाळेत प्रकल्प असेच होत, कुणी हरकत घेत नसे, आणि तिच्या मनात लबाडी नव्हती. इथे शाळेतून फोन आला. बाई शांतपणे बोलल्या, पुन्हा लिहायची संधी दिली, पण पुढच्या वेळी शिस्तीच्या नियमांप्रमाणे नोंद होईल हेही सांगितलं. दुसऱ्याचे शब्द अवतरणात, दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत मांडली तरी त्याचं नाव, आणि शेवटी सगळ्या स्रोतांची यादी एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या ठरलेल्या पद्धतीने, हे इथे वाचन-लेखनाइतकंच मूलभूत मानतात. एआयची मदत कुठवर चालते याचे नियम शिक्षकागणिक वेगळे असतात, ते विचारून घ्या. मुलं बहुधा गूगल डॉक्सवर लिहितात आणि कुठलं वाक्य कधी आलं याचा इतिहास तिथे दिसतो. अख्खा परिच्छेद एका क्षणात उमटला तर तेही दिसतं. तुम्ही स्वतः निबंध ‘सुधारून’ देत असाल तर कृपा करून थांबा. आमच्या बाईंना मुलाचा आवाज ओळखता येतो, आणि पालकाने घासूनपुसून दिलेल्या निबंधावरून त्याला नेमकं काय शिकवायचं ते त्यांना कळत नाही.

बोलणं हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. मुलं गोल बसून मजकुरावर चर्चा करतात, तिला सॉक्रॅटिक सेमिनार म्हणतात, आणि त्याचेही गुण असतात. शिक्षक शांत बसून नोंदी घेतात. गप्प बसणं ही आपल्याकडे शिस्त, इथे तयारी नसल्याची खूण समजली जाते. लाजऱ्या मुलासाठी माझा उपाय हा: आदल्या रात्री दोन वाक्यं कागदावर लिहून न्यायची. एक स्वतःचं निरीक्षण पान क्रमांकासह, आणि दुसरा कुणालाही विचारता येईल असा प्रश्न. चर्चेच्या सुरुवातीलाच पहिलं वाक्य बोलून टाकायचं. उच्चारांची काळजी सोडा. उच्चारासाठी गुण कापलेले मी एकदाही पाहिले नाहीत.

प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता असं विचारणारा फॉर्म येतो. ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या, वर्गात टाकतील या भीतीने काही पालक ‘इंग्रजी’ लिहितात. खरं लिहा, मराठी लिहा. त्यानंतर मुलाची इंग्रजीची चाचणी होते. चांगलं येत असेल तर ते थेट नेहमीच्या वर्गात जातं. गरज असेल तर मिळणारी मदत हा त्याचा हक्क आहे. १९७४ मध्ये चिनी भाषिक विद्यार्थ्यांच्या खटल्यात, लाऊ विरुद्ध निकोल्स, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना नुसतं त्याच वर्गात बसवणं म्हणजे समान शिक्षण देणं होत नाही. ती मदत पालक नाकारू शकतात, पण मुलाला मदतीची गरज असल्याचं ठरलं असेल तर दरवर्षीची इंग्रजीची चाचणी तरीही द्यावी लागते.

राज्याची वाचनाची परीक्षा तिसरी ते आठवी दरवर्षी असते, साधारण वसंत ऋतूत. तिची धास्ती घेऊ नका, रोजच्या कामावर लक्ष ठेवा. गुणांची विभागणी आणि उशिरा दिलेल्या कामाचे नियम पहिल्या आठवड्यात घरी येणाऱ्या कागदावर असतात. प्रत्येक निबंधाबरोबर रुब्रिक येतं, कशाला किती गुण याचा तक्ता. लिहायला बसण्याआधी तो मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. बहुतेक शिक्षक निबंध सुधारून पुन्हा द्यायची मुभा देतात, पण मुलाने स्वतः जाऊन विचारावं लागतं. तो पहिला निबंध माझ्या मुलीने असंच विचारून परत लिहिला. ३ मिळाले.

पालक-शिक्षक भेटीला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि एकेका शिक्षकाकडे शंभरावर मुलं असू शकतात. ‘अभ्यासात कशी आहे?’ असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. मुलाचा एक तपासलेला निबंध छापून न्या, रुब्रिकमधल्या ज्या ओळीत गुण गेले तिथे बोट ठेवा आणि ती ओळ पूर्ण केलेला परिच्छेद कसा दिसतो ते दाखवायला सांगा. मूल सोबत असू द्या. तो परिच्छेद त्यालाच वाचू द्या.