गॅस भरण्याआधी एसीच्या हवेची वाट मोकळी करा

एसी नीट गार करेना की पहिला संशय गॅसवर जातो. पण गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. म्हणून आधी धूळ बघा.

एमसीबी (एसीचा विजेच्या बोर्डावरचा स्विच) बंद करा, आतल्या युनिटचं पुढचं झाकण उचला, धूळ अडवणाऱ्या जाळ्या काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं धूसर दिसलं तर धुवायची वेळ झाली. पाण्याची धार जाळीच्या आतल्या, स्वच्छ बाजूने सोडा. धुळीच्या बाजूने सोडली तर मळ आणखी रुततो. गरम पाणी नको, प्लॅस्टिकची चौकट वाकते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा. एसी रोज चालत असेल तर हे दर 15 दिवसांनी कराच.

जाळी तुंबली की कॉइलवरून, म्हणजे आतल्या गार नळ्यांवरून, हवा कमी वाहते, कॉइलचं तापमान शून्याखाली जातं आणि त्यावर बर्फ धरतो. मग उरलेली हवाही अडते. बिल चढतं, खोली मात्र तापलेलीच. अशा वेळी फक्त फॅन मोड चालू ठेवून बर्फ वितळू द्या. सुरीने अजिबात खरवडू नका, नळीला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल. स्वच्छ जाळीनंतरही बर्फ धरला, तर मेकॅनिकला बोलावून गळती तपासून घ्या.

काम झालं का, हे थर्मामीटर सांगतो. 15 मिनिटं एसी चालवून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान घ्या, मग बाहेर पडणाऱ्या झोताचं. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक हवा. दमट हवेत तो थोडा कमी भरतो.

बाहेरच्या युनिटसमोर कुंड्या, अडगळ नको. त्याचे पातळ पत्रे हलक्या धारेने धुवा, जोराच्या धारेने ते मुडपतात.

गार हवा दाराच्या फटीतून निसटते का, हे बघायला कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा. पट्टी सहज सरकली तर तिथे रबरी पट्टी चिकटवा.

रिमोटवर 18 कशाला? साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, 18 वर आणि 26 वर एकाच ताकदीने चालतो, 18 वर फक्त जास्त वेळ. 26 ठेवा, सोबत छताचा पंखा लावा. पंखा अंगाला गार करतो, खोलीला नाही, तेव्हा बाहेर पडताना तोही बंद करा.