पिकअपला मोठे टायर आणि रॉक स्लायडर: आधी माप, मग वेल्डिंग

मोठे टायर आणि रॉक स्लायडर (दाराखाली चेसिसला बसवायचे, दगडावर गाडीचं वजन पेलणारे पाइप) ही दोन वेगळी कामं समजून लोक दोन वेगळ्या दुकानांत जातात आणि घोटाळा तिथेच होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या टायरची मागची कड जिथवर येते, जवळपास तिथूनच स्लायडरचं पुढचं टोक सुरू होतं. म्हणून आधी टायरचं माप पक्कं करायचं, मग टायर चढवून कुठे घासतो ते बघायचं, आणि स्लायडर सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की नवाकोरा पाइप ग्राइंडरने कापायची वेळ येते. पुढची माहिती हायलक्स, व्ही-क्रॉस अशा लॅडर चेसिसवरच्या (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी ठेवलेल्या) पिकअपसाठी आहे.

खान्देशात टायरची परीक्षा दोन ठिकाणी होते. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या कच्च्या वाटांवर काळा बेसाल्ट फुटून धारदार कडा वर आलेल्या असतात. तो दगड टायरचा तळ सहसा फाडत नाही, बाजू चिरतो. आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीत पहिल्या दमदार पावसानंतर चिखल टायरच्या खाचांत असा भरतो की टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. तिसरा शत्रू शेतातला: कापूस काढल्यावर विळ्याने तिरपी कापलेली पऱ्हाटीची खुंटं. ती टायरच्या तळात खिळ्यासारखी घुसतात. पण मोठं नुकसान दगड बाजू चिरतो तेव्हाच होतं, त्यामुळे आपल्या भागात टायर किती मोठा यापेक्षा त्याची बाजू किती जाड हे महत्त्वाचं. ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांवर चालणारा) टायर घेताना साइडवॉलला, म्हणजे बाजूला, तीन प्लाय (थर) आहेत का ते विचारा, टायरवर छापलेलं वाचूनही घ्या. मड-टेरेन टायर चिखल फेकतो हे खरं, पण डांबरी रस्त्यावर आवाज करतो, ओल्यात ब्रेक लांब लागतो. रोजचा रस्ता धुळे-जळगाव हायवेचा असेल तर ऑल-टेरेनच बरा.

माप काढणं सोपं आहे. २६५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंच. ही बाजूची उंची दोनदा धरायची आणि रिमचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवायचे: ३४४.५ अधिक ४३१.८, एकूण ७७६ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७० आर १७ घेतला तर ८०३ मिलिमीटर. व्यास २७ ने वाढला, पण जमिनीपासून डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) फक्त निम्म्याने, म्हणजे १३ मिलिमीटरने वर गेलं. एवढ्यासाठी एवढा खर्च का, असं वाटेल. पण त्या १३ मिलिमीटरसोबत दगड झेलायला जास्त रबर मिळतं, आणि हवा कमी केल्यावर टायर दगडावर पसरतो. रुंदी मात्र वाढवू नका. रुंद टायर घासतो आधी आणि चिखल ओढतो जास्त.

व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढला की स्पीडोमीटर तेवढंच कमी दाखवतं. काटा ६० वर असताना गाडी ६२ ने धावते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून अॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं तेव्हा निम्मा हिशोब तिथेच चुकलेला असतो. गिअरही तितकेच लांब होतात. चांदसैली घाटात माल भरून चढताना एक गिअर आधी खाली यावं लागेल. सुमारे तीन-चार टक्क्यांपर्यंत हे सगळं सोसतं. त्यापुढे सस्पेन्शन, ब्रेक आणि ड्राइव्ह शाफ्टवर येणारा ताण वेगळाच.

टायर विकत घेण्याआधी दुकानात एकच टायर पुढच्या चाकाला चढवून बघायची परवानगी मागा. रिम जुनीच ठेवा. चाक बाहेर ढकलणारी (वेगळ्या ऑफसेटची) रिम किंवा रिममागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, लावला की टायर वळताना मोठा घेर घेतो, मडगार्डला आणि मागच्या बॉडी माउंटला (बॉडी चेसिसवर टेकते त्या जागेला) आधी लागतो, शिवाय बेअरिंगवर भार वाढतो. टायर चढल्यावर त्याच्या खांद्यावर, म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे, सगळीकडून खडू फासा. पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एखाद्या बांधावर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दबेल. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग हळूहळू फिरवा आणि खाली उतरून खडू कुठे पुसला गेला ते बघा.

पुसला जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बंपरची खालची मागची कड, आतलं प्लास्टिक लायनर, मडफ्लॅप, बॉडी माउंट, आणि आतल्या बाजूला सस्पेन्शनचा वरचा आर्म. मडफ्लॅप मागे सरकवता येतो, लायनर हीट गनने मऊ करून आत दाबता येतं, बंपरचं प्लास्टिक थोडं कापता येतं. बॉडी माउंट कापायची वेळ आली तर टायरचं माप चुकलं, असं सरळ समजा आणि छोटा घ्या. वरच्या आर्मला लागत असेल तरीही तेच. चिखल धरून चालताना निदान १० मिलिमीटर फट हवी.

पाचही टायर एकाच मापाचे हवेत. फोर-व्हील लॉक असताना पुढचे-मागचे टायर वेगळ्या व्यासाचे असतील तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) स्वतःशीच भांडते. स्टेपनी पिकअपच्या ट्रॉलीखाली लटकते, तिथे नवा टायर बसतो का, सायलेन्सरला टेकत नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळा, इम्पॅक्ट गनने नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा. शेवटी अलाइनमेंट.

आता स्लायडर. कंपनीची पायपट्टी आणि स्लायडर यांत फरक असा की पट्टी माणसाचं वजन पेलते, स्लायडरने गाडीचं पेलायचं असतं. दगडावर टेकल्यावर पातळ पट्टी वर वाकते, दाराखालचा पत्रा दाबते आणि दार उघडत नाही.

पाइप दीड इंची सी क्लास (जाड भिंतीचा) घ्या; दीड इंच हे नावाचं माप, प्रत्यक्षात बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर, जाडी ४. मीटरला साधारण ४.४ किलो वजन भरतं. ए क्लास स्वस्त पडतो, पण २.९ मिलिमीटरची भिंत दगडावर चेपते. प्रत्येक बाजूला दोन समांतर पाइप, चेसिसपासून निघणारे चार पाय, आणि पायाला ८ मिलिमीटर जाडीची सुमारे १५० बाय १५० ची प्लेट. एका बाजूचं वजन २५ किलोच्या आसपास जातं. दोन्ही स्लायडर आणि पाच जड टायर धरले की गाडीच्या माल वाहण्याच्या क्षमतेतून एका माणसाएवढं वजन कमी झालंच म्हणून समजा.

स्लायडर फक्त चेसिसला. बॉडी रबरी माउंटवर हलते, चेसिस वेगळं पिळतं. दोन्हीला जोडलं तर पत्रा फाटतो. बॉडीच्या कडेपासून २० ते २५ मिलिमीटर फट ठेवा. बाहेरचा पाइप किंचित वर, १० ते १५ अंशांत तिरपा ठेवला की दगडावरून गाडी बाजूला सरकते, पण बॉडीच्या रुंदीबाहेर काही येऊ देऊ नका.

चेसिसवर थेट वेल्डिंग करू नये. उष्णतेने पत्र्याची ताकद जाते, आतून गंज लागतो, आणि स्लायडर पुन्हा काढता येत नाही. चेसिसच्या आत आणि बाहेर एकेक प्लेट ठेवून वरून आणि खालून जाणाऱ्या १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टनी ती आवळायची, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे). भोक पाडावंच लागलं तर चेसिसच्या उभ्या बाजूच्या मध्यात पाडा आणि आत स्पेसर पाइप घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीसारखं चेसिस आत चेपतं. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना भोक अजिबात नको, ताण तिथेच असतो. प्लेट ठेवण्याआधी आतून हात फिरवून ब्रेकची नळी, डिझेलची लाइन आणि वायरिंग कुठे आहे ते चाचपा.

पुठ्ठ्याचा साचा करून पायांचं माप घ्या, गाडीवर फक्त टॅक (जागा धरण्यापुरते वेल्डिंगचे ठिपके) मारा, तेही बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवून. मग स्लायडर उतरवून टेबलवर पूर्ण वेल्डिंग. सीओटू वेल्डिंग उत्तम. रॉडने करायचं तर ७०१८ नंबरचा रॉड, तोही कोरडा. पाय आणि प्लेट जिथे मिळतात तिथे तिरपा आधार लावायला विसरू नका, तुटतं ते तिथेच. पाइपची टोकं बंद करा आणि खाली ६ मिलिमीटरचं भोक ठेवा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल. रंग साधा इपॉक्सीचा द्या. पावडर कोटिंग दिसतं छान, पण दगडाने सोललं की घरी डागडुजी करता येत नाही.

बसवल्यावर जॅक स्लायडरच्या मधोमध लावून त्या बाजूचं पुढचं चाक सुटेपर्यंत उचला. गाडी उचललेली असताना त्या बाजूची दारं उघडून बंद करून बघा. बॉडीची फट १० मिलिमीटरहून जास्त कमी झाली तर एक पाय आणखी हवा. जॅकखाली रुंद लाकूड ठेवा, आणि गाडीखाली कोणी शिरू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. यावल आणि अनेर अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय गाडी घालू नये.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. जळगाव-भुसावळच्या मेमधल्या उन्हात दुपारचा आकडा फसवतो. हायवेला कंपनीचा आकडा किंवा त्याहून दोन-तीन पीएसआय जास्त, दगडात २२ ते २५, नदीच्या वाळूत १८ पर्यंत आणि वेग कमी. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर येताच पुन्हा भरा. काळ्या मातीतून आल्यावर त्याच दिवशी चाकं आतून धुवा. तो चिखल रिमच्या आत वाळून घट्ट बसतो आणि ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. तेव्हा बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी रिमच्या आत हात घालून बघा.