छर्‍याचा वेग मोजताना: रडार क्रोनोग्राफची निवड आणि वापर
एअर रायफलसाठी रडार क्रोनोग्राफ, म्हणजे रडार लहरींनी छर्‍याचा वेग मोजणारे यंत्र, घेताना ४.५ मिमीचा छर्रा आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपासचा वेग ते टिपते का, हे आधी पाहावे. सोबतच्या मोबाइल ॲपची भुरळ नंतर. प्रकाशावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांना ऊन-सावली बाधते, रडारला ती बाधत नाही. रायफल रिकामी असतानाच यंत्र नळीच्या बाजूला, तोंडापेक्षा किंचित मागे, तिपाईवर ठेवून त्याचा रोख निशाण्याकडे करावा. तो तिरपा झाला की नोंदी गळतात. दहा छर्रे झाडून सरासरीपेक्षा कमाल-किमान वेगांतील फरक पाहावा, कारण तो वाढत गेल्यास रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधील दाब किंवा रेग्युलेटर (हा दाब स्थिर ठेवणारा भाग) तपासावा लागतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल भरते.